दुसऱ्याच्या मदतीशिवाय

गेली दोन-तीन वर्षं मी भारताचा प्रतिनिधी आहे. ही नेमणूक कुणी केली असं विचाराल, तर मीच केली, आणि अजून तरी कुणी हरकत घेतलेली नाही. दर रविवारी दुपारी हुलसूरच्या आमच्या घरात मी पलंगावर मांडी घालून बसतो, समोर पोह्यांच्या डब्याला फोन टेकवतो, खाकरून घसा साफ करतो, आणि फोनमध्ये केनिया उगवतो.

केनियात माझी मुलगी असते. एकुलती एक. नैरोबीतल्या एका संस्थेत ती नोकरीला आहे. तिचं काम काय, हे मला कळायला बराच काळ गेला. तुम्हाला एका दमात सांगतो. गरीब म्हणा, विकसनशील म्हणा, अशा देशांतली खेडी निवडायची. केनियातली, युगांडातली, बांगलादेशातली, व्हिएतनाममधली, आपल्याकडचीही. घरोघरी जाऊन तेच ते प्रश्न विचारायचे. वीज किती वेळ असते, फोन कुणाच्या मालकीचा, घरातल्या बाईच्या हातात तो कधी येतो, बिल भरणं, पैसे पाठवणं, सरकारी दाखला काढणं यातलं काय काय जमतं. मग सगळ्या देशांना एका रांगेत उभं करायचं आणि बघायचं, की या नव्या जमान्यासाठी कोण किती तयार आहे.

हे ऐकून मला झालेला आनंद काय सांगू. मी पडलो माईकवाला. पंचवीस-तीस वर्षं माझा मंडप आणि साउंडचा धंदा होता. लग्न असो, जयंती असो, कबड्डीचे सामने असोत, मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन भाषांत पुकारा करायचा तो मीच. हळ्ळीखेडच्या लग्नात नवरदेवाची जीप वेशीत अडकली तेव्हा मी तासभर नुसत्या तोंडावर वऱ्हाड बसवून ठेवलं होतं. असल्या माणसाला तुम्ही सांगता, की देशादेशांची रांग लागली आहे. मग तो गप्प बसेल काय?

मुलगी म्हणायची, इथं बाजारात टमाटे विकणारी आजी साध्या बटणाच्या फोनवर पैसे घेते, आणि आपल्याकडं हे सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून घेते. मी लगेच भारताच्या वतीनं उभा राहायचो. आमच्याकडं शहाळंवाला गाडीवर तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवून बसतो, आणि कागद पावसात भिजला तर पाठ आहे म्हणून नंबरच सांगतो. ती म्हणायची, व्हिएतनामच्या खेड्यात नेटवर्क आपल्याहून बरं आहे. मी म्हणायचो, असेल, पण आमच्या घरासारखं घर तिथं दाखव. आमचं घर सीमेला इतकं लागून आहे, की पुढच्या खोलीत माझा फोन कर्नाटकात असतो आणि परसात गेलो, की महाराष्ट्रात माझं स्वागत असल्याचा निरोप येतो. दिवसातून कितीदा स्वागत होतं हे माझ्या पोटावर अवलंबून. असा मान युगांडात कुणाला मिळतो, विचार म्हटलं.

"पप्पा, हे मॅच न्हाई," ती म्हणायची.

"मग मार्क कशाला देताव?" मी विचारायचो, आणि ती हसायची. आईसारखं हसते. आधी दाबून, मग एकदम.

तिची आई सरकारी मराठी शाळेत शिक्षिका होती. ती गेली त्याला चार वर्षं होतील. त्यानंतर काही महिन्यांनी मुलीला ही नोकरी लागली, आणि जायचं की नाही यावर ती अडून बसली. मी जा म्हणायचो, ती विषय बदलायची. शेवटी तिनं अट घातली. तुम्हाला घरातलं सगळं फोनवर एकट्यानं जमलं पाहिजे. तिच्या कामात एक रकाना असतो म्हणे, 'दुसऱ्याच्या मदतीशिवाय'. माणसाला एखादी गोष्ट येते असं कधी म्हणायचं, तर ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय आली तर. त्या रकान्यात तुम्ही बसलाव तर मी जाते, म्हणाली.

मी बसलो. आयुष्यात शाळेचा अभ्यास केला नव्हता तो त्या महिन्यात केला. लाईट बिल, गॅस, बँक, शेताचा पहाणी उतारा, दवाखान्याचा नंबर लावणं, सगळं. ती दारात उभी राहून परीक्षा घ्यायची आणि मी पास व्हायचो. तिच्या आईचं पेन्शन माझ्या नावावर आलं होतं. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. तोही घरबसल्या होतो. फोन तोंडासमोर धरायचा, डोळे मिटून उघडायचे, पडद्यावरचं वर्तुळ हिरवं झालं, की तुम्ही जिवंत. पहिल्यांदा ते हिरवं झालं तेव्हा मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणि आठवड्याभरात तिनं बॅग भरली.

आता गंमत ऐका.

पूर्वी लाईट बिल भरायचं म्हणजे माझी एक सकाळ जायची. बिल हातात घेऊन निघायचं, चौकात कुणी विचारणार, इतकं कसं आलं, त्याचं बिल बघायचं, माझं दाखवायचं, मग ऑफिसात लाईनमनशी वाद, वादानंतर चहा, चहाबरोबर मिरची भजी, येताना त्याच्या पोरीच्या लग्नाच्या मंडपाची बोलणी. उताऱ्याला गेलो तर दुपार व्हायची. बँकेत गेलो तर घरून विचारणा यायची, की तिथंच मुक्काम करायलाव का. या सगळ्याला मी त्रास म्हणत होतो. मोठमोठ्यानं म्हणत होतो.

आता चुलीवर, म्हणजे गॅसवर, चहा ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत महिन्याची सगळी कामं संपायची. चहा गाळताना माझ्यासमोर अख्खा दिवस रिकामा उभा असायचा. धंदाही तोवर मोडला होता. लग्नांना मोठे डीजे आले, त्यांना पुकारा करणारा लागत नाही. मी सामान पुतण्याला दिलं, तो हुमनाबादला घेऊन गेला. मंडप उतरल्यावर जमिनीत खांबांचे खड्डे राहतात ना, तसं घर दिसायचं. कपाट होतं, पलंग होता, भांडी होती, पण मला आपले खड्डेच दिसायचे.

आमच्या गल्लीत या नव्या जमान्यासाठी माझ्याइतका तयार माणूस कुणी नव्हता. माझ्या दाराची कडी मात्र वाजली तर वाऱ्यानं.

अशातच मला बाजारातलं ऑनलाइनचं, म्हणजे बिलं-दाखल्यांची कामं करून देणारं दुकान सापडलं. सापडलं म्हणजे रोजच दिसायचं, पण मला त्याची गरज काय? एकदा मुलीनं पाठवलेला एक फोटो कागदावर काढून घ्यायला गेलो आणि बाकावर बसलो. दुकान चालवते ती एक तिशीतली बाई, माहेर औरादकडचं, आईशी फोनवर तेलुगू बोलते, नवऱ्याशी कन्नड, गिऱ्हाईक पाहून मराठी. सगळे तिला अक्का म्हणतात, तिच्या दुप्पट वयाचे सुद्धा. समोर एक लांब लाकडी बाक. त्यावर अंगठा न उमटणारे, ओटीपी न येणारे, आधारवर नाव एक आणि पासबुकावर दुसरं असलेले असे लोक बसलेले. कुणाचं काम होत नव्हतं आणि सगळे मजेत होते. सर्व्हर डाऊन झाला तेव्हा तर जत्राच. कुणी चुरमुऱ्यांचा सुसला मागवला, कुणी पोरीचं स्थळ सांगितलं, एका म्हातारीनं माझ्या बायकोची चौकशी केली, ती गेल्याचं ऐकून माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग माझ्या बायकोनं कोणत्या साली कोणाच्या पोराला छडी मारली होती ते सांगून आम्हाला हसवलं. तिच्याबद्दल इतका वेळ मी कुणाशी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी माझे पाय आपोआप तिकडं वळले. पण बाकाचा एक नियम होता. काम असेल तर बसायचं. मी लाईट बिल काढलं, चेहरा पाडला आणि म्हणालो, "अक्का, हे कुठं दाबायचं, काही कळंना."

तुम्हाला सांगतो, न येण्याचं सोंग येण्यापेक्षा फार अवघड. माझी बोटं सवयीनं बरोबर जागी जायला बघायची, त्यांना आवरावं लागे. मी फोन हातभर लांब धरायला शिकलो. चष्म्याच्या वरून बघायला शिकलो. एक बोट ताठ करून काचेवर असं ठोकायचं, जसं काही आत कुणी झोपलंय. ओटीपी आला, की तो मोठ्यानं सगळ्या दुकानाला वाचून दाखवायचा. अक्का डोक्याला हात लावायची. बाक खूश व्हायचा. मी तर त्याहून खूश.

बाकावरचे माझे खास सोबती म्हणजे एक चचा. एसटीतले निवृत्त कंडक्टर. बसमध्ये चालता चालता तिकिटं फाडणारा हा माणूस फोनसमोर मात्र खरोखरच गडबडायचा. माझ्यासारखा अडाणी भेटल्यावर त्यांना कोण हुरूप आला. अक्काकडून जे अर्धंमुर्धं शिकायचे ते मला शिकवायचे, बरंचसं चुकीचं. "माईकवाले, ध्यान से देखो, ये लाल वाला कभी नै दबाना," असं म्हणून स्वतःच ते दाबायचे. मी मान डोलवायचो. त्यांच्याइतका मन लावून शिकवणारा मास्तर मला लहानपणी मिळाला असता तर मी कलेक्टर झालो असतो.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला दर रविवारी भारताची प्रगती ऐकवत होतो, ती केनियाची ऐकवत होती. दिवाळीच्या सुमारास तिनं सांगितलं, की ऑफिस आणखी दोन वर्षं थांब म्हणतंय, काम वाढवून देणार आहेत, पाच देशांचं तीच बघणार. डिसेंबरच्या आत उत्तर द्यायचं होतं.

"तुम्ही ठीक असाल तर मी व्हय म्हणते," ती म्हणाली.

"मी तर एकदम ठणठणीत," मी म्हणालो, आणि पलंगावर उठून उभा राहून छाती दाखवली. फोन डब्यावरून घसरला.

नोव्हेंबर उजाडला. तुरी फुलल्या होत्या, सकाळी गारठा पडायला लागला होता. जिवंत असल्याच्या दाखल्याचे दिवस आले. दुकानात पेन्शनवाल्यांची गर्दी. इतका मोठा कार्यक्रम मी घरात बसून एकटा उरकणार होय? गेलो. बाकावर चचा होतेच.

"क्या माईकवाले, जिंदा हैं क्या?"

"तेच बघायला आलोय," मी म्हणालो.

अक्कानं माझाच फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिटून उघडा म्हणाली. बाकावर आठ-दहा माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. असा श्रोतृवर्ग मला कितीतरी दिवसांत मिळाला नव्हता. मी एकच डोळा मिटला. अक्का म्हणाली दोन्ही. मी दोन्ही मिटले आणि उघडलेच नाहीत. उघडा म्हणाली तर इतके उघडले, की म्हातारी घाबरली. ऐन वेळी मान वळवून चचांना विचारलं, झालं का?

"सरकार कू आँख मारो मियाँ, आँख मारे बिगर पैसे नै देती," चचा म्हणाले, आणि बाक गडगडला. वर्तुळ काही हिरवं झालं नाही. अक्कानं हसत हसत पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. मी तृप्त मनानं घरी आलो, भाकरी कुस्करून दूध घेतलं, आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पूर्वी गावात दवंडी होती, आता स्टेटस आहे. म्हैस व्याली, की स्टेटस. पाव्हणे आले, की स्टेटस. कुणी वारलं तर फोटोभोवती फुलं आणि खाली दिवा. अक्कानं दुसऱ्या हातानं माझ्या प्रयोगाचा व्हिडिओ काढला होता आणि तो तिनं चांगल्या मनानं स्टेटसला ठेवला होता. तो तिथून कुणीतरी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकला. गावातून गेलेली सगळी पोरं त्या ग्रुपला चिकटून आहेत, पुण्यातली, हैदराबादची, दुबईतली. आणि नैरोबीतली.

रविवार नव्हता, तरी दुपारी तिचा फोन आला. आईच्या जुन्या फोनवर येतो तिचा, तोच नंबर तिनं 'घर' म्हणून ठेवला आहे. मी डब्याला टेकवून बसलो. ती हसत नव्हती.

काल काय जेवलाव, तिनं विचारलं. मी म्हणालो, श्रीखंड-पुरी. आज वार कोणता? मी म्हणालो, तुमच्या केनियात कोणता हाय ते आधी सांग, मग मी जमलं तर तोच सांगतो. मला वाटलं नवीन काही खेळ आहे, तिच्या प्रश्नावळीतला. किल्ली कुठं ठेवलीय, तिनं विचारलं. म्हटलं, युगांडात. मग ती हळूच म्हणाली, आईचा वाढदिवस कधी असतो?

ते मी बरोबर सांगितलं. त्यावर विनोद सुचला नाही.

मग तिनं सांगितलं. व्हिडिओ तिनं पुन्हा पुन्हा पाहिला होता. अक्काला फोन करून विचारलं होतं, तर अक्का म्हणाली, अण्णांना, म्हणजे मला, काहीच येत नाही, दोन वर्षं झाली, साधं लाईट बिल मीच भरते.

"तुम्ही सगळं एकटे करत होताव, पप्पा. माझ्यासमोर केलाव. आता इसरायलाव तुम्ही." तिनं आवाज सारखा केला. "मी ऑफिसात न्हाई म्हणून सांगायलेय. मी परत यायलेय."

आता माझी अवस्था बघा. आयुष्यभर सोंगं केली, पण इतकं सोपं सोंग कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं. यात पाठांतर नव्हतं, रंग लावायचा नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. ती येणार होती. हैदराबादेत नोकरी धरली असती, शनिवारी हुमनाबादला उतरून पुढची गाडी पकडली असती, मी फाट्यावर उभा राहिलो असतो. घरात चपलांचा दुसरा जोड आला असता. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, अगदी त्या चपलांच्या पट्ट्यांसकट.

आणि मी म्हणालो, "जरा व्हायलंय तसं."

खरंच म्हणालो.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं मान खाली घातली, वर केली, आणि तिचा चेहरा तिच्या आईचा झाला. शाळेत साहेब तपासणीला येणार असले, की आईचा असाच चेहरा व्हायचा. काही होत न्हाई, ती म्हणाली. कलबुर्गीला मोठ्या डॉक्टरला दाखवू. आता यावर गोळ्या आहेत. मी आल्यावर तुम्हाला एकट्याला बाहेर पाठवणार नाही. स्वतःच्या पाच देशांबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. जसं ते कधी नव्हतंच.

हे मला पाहवलं नाही.

"थांब," मी म्हणालो. माझा फोन काढला. आईच्या फोनवर ती बघत होती, तिच्यासमोर मी माझा फोन तोंडाजवळ धरला, डोळे मिटले, उघडले. वर्तुळ हिरवं झालं. तिला दाखवलं. मग लाईट बिल भरलं. उतारा काढला. गॅसचा नंबर लावला. बोटं नुसती पळत होती, दोन वर्षांचं आवरून धरलेलं सगळं सुटलं होतं. एरवी मी प्रत्येक गोष्टीचा पुकारा केला असता. त्या दिवशी खोलीत काचेवरच्या बोटांचाच काय तो आवाज होता.

"म्हणजे तुम्हाला येतंय," ती म्हणाली.

"येतंय."

"मग दुकानात काय करायलाव?"

"बसतो."

"कामून?"

"तिथं बाक हाय," मी म्हणालो. मग हेही अर्धवट झालं असं वाटून म्हणालो, "माणसं असतात तिथं."

आधी ती चिडली, आणि बरोबरच चिडली. ती दोन दिवस जेवली नव्हती. तुम्हाला काही झालं म्हणून मी डॉक्टरांची नावं शोधत बसले आणि तुम्ही तिथं डोळे मारत बसलाव, म्हणाली. मी ऐकून घेतलं. मग तिचा आवाज खाली आला. इथंबी असल्या बाया भेटतात, ती म्हणाली. फोनवर सगळं येतं, तरी उन्हात चालत पैसे पाठवायच्या टपरीवर जातात आणि तासभर बसून टपरीवाल्याकडून करून घेतात. आम्हाला कळत नव्हतं, की असं का.

"मग त्यांना कुठल्या रकान्यात टाकताव?" मी विचारलं.

"जमत नाही, यात."

"मग मलाबी तिथंच टाक. भारताचा एक मार्क गेला तर गेला."

ती हसली नाही. आईसारखं दाबूनही नाही. तिनं विचारलं, "मी येऊ का नको? सरळ सांगा. नाटक नको."

माझ्याकडं माईक असता तर मी काहीतरी बोललो असतो. तीन भाषांत बोललो असतो. पण समोर पोह्यांचा डबा होता, आणि त्याला टेकलेली माझी पोरगी, हाताच्या तळव्याएवढी.

"नको येऊ, माय," मी म्हणालो. "मला करमत न्हाई, ते खरं हाय. आणि तू येऊ नको, हेबी खरं हाय. दोन्ही खरं हाय."

ती बराच वेळ बघत राहिली, मी कुठं पापणी हलवतोय का, सोंग कुठं फाटतंय का ते. मग बघते म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी तिचा निरोप आला, की ऑफिसला तिनं हो कळवलं. मी परसात गेलो. तुरीच्या शेतावरून वारं येत होतं. महाराष्ट्रानं माझं स्वागत केलं.

त्यानंतर काही दिवस मी बाजाराकडं फिरकलो नाही. मुलीनं अक्काला खरं काय ते सांगितलं होतं. मग एक दिवस भाकरी खाऊन, तोंड पुसून गेलोच. सगळे होते. अक्का रागावली होती, आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं. पोटापाण्याची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून मी तुमची बटणं दाबत बसले अण्णा, आणि तुम्हाला सगळं येत होतं, ती म्हणाली. बाकावरचे दोघं-तिघं हसले. त्यांना हा तर आणखी एक मजेचा प्रयोग वाटला. अक्काच्या रागालाही मी तयारीनं गेलो होतो.

तयारी नव्हती ती चचांची. ते हसले नाहीत, चिडले नाहीत. मान वाकडी करून त्यांनी मला विचारलं, "मैं तुमकू सिखाया सो सब, तुमकू पहले से आता था?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडं पाहायला लागले. त्या बाकावर त्यांच्यापेक्षा खाली बसणारा मी एकटाच होतो, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं त्यांचा एक विद्यार्थी होता.

"काय काम हाय?" अक्कानं विचारलं. हे ती सगळ्यांनाच विचारते. मला पहिल्यांदाच विचारलं.

खिशात बिल नव्हतं. आणलंच नव्हतं.

"काम काही न्हाई," मी म्हणालो. "बसावं म्हटलं."

तिनं हनुवटीनं बाक दाखवला आणि पुढच्या माणसाचा अंगठा यंत्रावर दाबला. चचांनी सरकून जागा केली नाही, पण आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तेवढ्या जागेत टेकलो. समोर मशीन बीप-बीप करत होतं, कुणाचं तरी नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी निघालं होतं, त्यावर चर्चा चालली होती. कुणी मला काही विचारलं नाही.

चचांच्या हातात त्यांचा फोन होता. पडद्यावर काहीतरी अडकलं होतं, ते पुन्हा पुन्हा लाल बटण दाबत होते. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, की कुठं बोट ठेवलं, की सुटेल. चचांनी एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं आणि फोन थोडा पलीकडं वळवला. त्यांना अक्काकडूनच करून घ्यायचं होतं. त्यांचा नंबर यायला अजून पाच-सहा माणसं होती. मी हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्याबरोबर थांबून राहिलो.